पन्नाशीत दातांना तार? आधी हिरड्या दाखवा

मागच्या अंकात दातांच्या तारांविषयी प्रश्न मागवले होते. मुलांच्या आईवडिलांची पत्रं येतील हा अंदाज होताच, पण स्वतःसाठी विचारणारी मोठी माणसंही त्यांच्या बरोबरीने निघाली. माझ्या कोल्हापुरातल्या दवाखान्यातही आता असंच चित्र असतं. त्यातल्या एका पत्राला सविस्तर उत्तर देते, कारण तोच प्रश्न अनेकींच्या मनात आहे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. वय ५३. तरुणपणी माझे दात एका ओळीत होते. गेल्या काही वर्षांत वरचे मधले दोन दात पुढे येऊ लागलेत आणि त्यांच्यात फट पडली आहे. मुलगी म्हणते, तार बसवून घे. मिस्टर म्हणतात, आता या वयात कुणाला दाखवायचंय? वर्गातली मुलं हसतील, असं मलाही वाटतं. या वयात दात सरकतात का?

उत्तर : बाई, सरकतात. तुमचे सरकले, म्हणूनच तर तुम्ही पत्र लिहिलंत. दात हाडात रोवून पक्का केलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा अगदी पातळ थर असतो. तारेने हलका दाब दिला की एका बाजूचं हाड शरीर हळूहळू विरघळवतं आणि दुसऱ्या बाजूला नवं भरतं. ही क्षमता आयुष्यभर राहते. पन्नाशीत सुरुवात जरा सावकाश होते. मग महिन्याला एखादा मिलिमीटर किंवा त्याहून थोडं कमी, या वेगाने दात जागेवर येतात.

मला काळजी वेगळीच वाटते. आयुष्यभर सरळ असलेले दात या वयात फाकू लागले, तर पहिला संशय हिरड्यांवर घ्यायचा. ब्रश करताना रक्त येतं का? तोंडाला वास येतो का? दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का? आपण ज्याला पायोरिया म्हणतो, त्यात दाताभोवतीचं हाड हिरडीच्या आत झिजत जातं. आधार कमी झालेला दात मग जिभेच्या आणि चावण्याच्या दाबानेसुद्धा पुढे ढकलला जातो. हा आजार चालू असताना तार बसवली, तर उरलेलं हाडही वेगाने जातं. म्हणून आधी हिरड्यांच्या डॉक्टरांकडे जा. एक्स-रे, खोलवर सफाई, मग दोन-तीन महिने थांबून पुन्हा तपासणी. रक्त थांबलं, हिरडी घट्ट झाली, की माझ्यासारख्या तार बसवणाऱ्या डॉक्टरांचं काम सुरू होतं.

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी सांगा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट सोबत न्या. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक घ्यायची गोळी चालू असेल, तर तिचं पाकीट न्या. त्यातली काही औषधं हाडाची ही मोडतोड-भरणीच मंदावतात, त्यामुळे दात सरकवणं अवघड होतं. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

आता 'या वयात' बद्दल. दातांची तार ही लहान मुलांची गोष्ट, असं आपल्या मनात कसं बसलं, ते सांगावंसं वाटतं. वेड्यावाकड्या दातांची शास्त्रशुद्ध वर्गवारी अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली मांडली. पुढची कित्येक दशकं तार बसवायची म्हणजे प्रत्येक दाताला धातूचं गोल कडं चढवायचं, अशीच पद्धत होती. तोंड उघडलं की सगळं चंदेरी दिसायचं. मोठ्या माणसाने हे सोसायची तयारी दाखवणं कठीणच होतं. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवून दिलं, की सौम्य आम्लाने दाताचं आवरण किंचित खडबडीत केलं तर त्यावर भरण घट्ट बसतं. त्यातून पुढे कडी गेली आणि तार धरून ठेवणारी, दातावर चिकटवायची छोटी ब्रॅकेट आली. १९७० च्या दशकात निकेल-टायटॅनियमची लवचिक तार आली. मूळचा हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला. ती तार कमी दाबाने, पण बराच काळ दात ओढत राहते, त्यामुळे दुखणं कमी झालं. दातांच्या रंगाची सिरॅमिक ब्रॅकेट १९८० च्या दशकात आली, आणि पारदर्शक अलाइनर, म्हणजे तारेऐवजी दातांवर चढवायची प्लास्टिकची आवरणं, बनवणारी पहिली मोठी कंपनी १९९७ मध्ये निघाली.

आपल्याकडे मात्र अडसर तारेच्या रूपाचा कमी आणि लग्नाचा जास्त होता. मी शिकत होते तेव्हा मुलींच्या आईचा पहिला प्रश्न असे, 'लग्नाच्या आत निघेल ना?' स्थळ बघायला येणार म्हणून तारा अर्धवट काढून मागणारी घरं मी पाहिली आहेत. २००३ साली एका गाजलेल्या हिंदी मालिकेची नायिका चष्मा आणि तारा लावून पडद्यावर आली. ती हुशार होती, लोकांना आवडलीही. पण तिचं रूप 'खुललं' ते तारा निघाल्यावर, आणि तारा म्हणजे कुरूपपणा ही समजूत घट्टच झाली. त्याच सुमारास, २००२ मध्ये, अमेरिकी अभिनेता टॉम क्रूझ चाळिशीला टेकलेला असताना तारा लावून फिरत होता, आणि त्याने त्या लपवल्याही नाहीत. तिथल्या मध्यमवयीन लोकांना त्याचा धीर आला. आपल्याकडे तो धीर मुलांनी दिला. मुलीच्या तारेसाठी दर महिन्याला दवाखान्यात येणारी आई एक दिवस खुर्चीत बसून विचारते, 'डॉक्टर, माझं काही होईल का?' तुम्हालाही मुलीनेच सुचवलं आहे. मिस्टरांना सांगा, कुणाला दाखवायचं नाही, नीट चावायचं आहे. पुढे आलेल्या दातांवर उलटसुलट दाब पडत राहिला, तर ते हलू लागतात आणि शेवटी काढावे लागतात.

वर्गाची काळजी सोडा. तुमच्याच वर्गात दोन-तीन मुलं तारा लावून बसलेली असतील. माझ्या एका शिक्षिका रुग्णाला मुलांनी एकच प्रश्न विचारला, 'बाई, तुम्हालापण चिक्की बंद?' मे महिन्याच्या सुट्टीत तारा बसवा, म्हणजे ओठ आतून घासण्याचे, जबडा ठणकण्याचे पहिले दिवस घरीच जातील. सिरॅमिक घ्यायची असेल तर एक माहीत असू द्या. ब्रॅकेट पांढरीच राहतात, पण त्यांवर ताणून बसवलेली पारदर्शक रबरं आपल्या हळदीने चार जेवणांत पिवळी पडतात. म्हणून वरणभात आणि रस्सा रोज खाणाऱ्या माणसाला मी साधी धातूची तार सुचवते. तुमच्यासारख्या केसमध्ये बऱ्याचदा वर्षभरात काम होतं. नंतर दातांच्या मागच्या बाजूला एक बारीक तार कायमची चिकटवून घ्यावी लागेल, कारण झिजलेलं हाड परत येत नाही आणि दात पुन्हा फाकू शकतात.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात खासगी दवाखान्यापेक्षा खूप कमी पैशांत हे उपचार होतात. पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, नंबर लावावा लागतो. पण काम चोख होतं, हे मी तिथेच शिकले म्हणून खात्रीने सांगते.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. वर्गातल्या मैत्रिणींना रंगीत रबरांच्या तारा आहेत, म्हणून तिलाही हव्यात. आमच्या डॉक्टरांच्या मते खालचे दोन दात किंचित तिरके आहेत, बाकी ठीक. धाकटा सात वर्षांचा आहे. त्याचे वरचे दात बरेच पुढे आलेत, पण आजी म्हणते, दुधाचे सगळे पडू देत, मग बघू. काय करावं? (एक पालक, इचलकरंजी)

उत्तर : तुमच्या घरात घाई मुलीची आहे आणि तपासणीची गरज मुलाला.

मुलीचे दात किंचित तिरके असतील, चावताना वरचे-खालचे नीट मिळत असतील आणि ब्रश सगळीकडे पोहोचत असेल, तर थांबून काही बिघडत नाही. सोळाव्या वर्षी तिला मनापासून वाटलं तर तेव्हाही करता येईल. तिला रागावू नका. ज्या तारांवरून तिच्या मावशीच्या पिढीला चिडवलं गेलं, त्याच तिच्या वर्गात मिरवायची वस्तू झाल्या आहेत, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण तार हा उपचार आहे. तिने दाताच्या मुळाचं टोक थोडं झिजू शकतं, ब्रश नीट झाला नाही तर ब्रॅकेटभोवती कायमचे पांढरे डाग पडतात. इतकी जोखीम रंगासाठी घ्यायची नसते. थायलंड, इंडोनेशियात नुसत्या शोभेच्या खोट्या तारा तरुण मुलांमध्ये इतक्या चालल्या, की थायलंडच्या सरकारला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. आपल्याकडेही अशी वस्तू ऑनलाइन दिसली तर घेऊ नका.

मुलाला मात्र या महिन्यातच दाखवा. सातव्या वर्षापर्यंत एकदा तरी तपासणी व्हावी, असं या शाखेचे डॉक्टर सांगतात, कारण तोवर पहिल्या कायमच्या दाढा आणि पटाशीचे दात येऊ लागतात आणि जबड्याची दिशा कळते. तपासणी म्हणजे लगेच तार नव्हे. बहुतेक मुलांना 'वर्षाने या' एवढंच सांगितलं जातं. पण तो अंगठा चोखतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, हे आत्ता पाहायला हवं. पुढे आलेले दात सायकलवरून किंवा शाळेच्या पायरीवर पडल्यावर सहज तुटतात, आणि तुटलेला कायमचा दात पुन्हा येत नाही. खालचा जबडा मागे असेल, तर वाढीच्या जोराच्या वर्षांत, मुलग्यांमध्ये साधारण बारा-तेराच्या आसपास, काढता-घालता येणाऱ्या उपकरणाने त्याला चांगली मदत होते. ती वर्षं हातची गेली की मोठेपणी पर्याय कमी उरतात, कधी शस्त्रक्रियाच. आजींना हे समजावून सांगा. त्यांच्या काळात हे उपाय गावात पोहोचलेच नव्हते.

प्रश्न : वय २८, पुण्यात नोकरी. चार महिन्यांनी लग्न आहे. घरी बसून दातांचा साचा घ्यायचा आणि कुरिअरने अलाइनर मागवायचे, अशी जाहिरात पाहिली. दवाखान्यात जायची गरज नाही म्हणतात. घेऊ का?

उत्तर : नको. अलाइनरला माझा विरोध नाही. योग्य केसमध्ये मी स्वतः देते. मोठ्या माणसांना ते सोयीचेच असतात. जेवताना काढता येतात, मीटिंगमध्ये दिसत नाहीत. अट एकच, दिवसातले वीस ते बावीस तास ते तोंडात राहिले पाहिजेत. पण एक्स-रे न काढता, हिरडी न तपासता दात ढकलणं मला धोक्याचं वाटतं. हाड किती आहे, अक्कलदाढ कुठे अडली आहे, मुळाला पू आहे का, हे साच्यात दिसत नाही. अमेरिकेत अशीच घरपोच पद्धत लोकप्रिय करणारी स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये एकाएकी बंद झाली, आणि अर्धवट उपचार झालेले ग्राहक पुढचं कुणाला विचारायचं या विवंचनेत राहिले.

चार महिन्यांत फारसं काही होणार नाही. दात साफ करून घ्या, कीड असेल तर भरून घ्या, आनंदाने लग्न करा आणि परत आल्यावर निवांत उपचार सुरू करा. की आधीच तारा बसवून लग्नाला उभे राहता? फोटोत तारा असलेले नवरदेव आणि नवऱ्या मी पाहिल्या आहेत. छान दिसतात.

प्रश्न : मी सांगलीत दहावीत आहे. कबड्डी खेळतो. सहा महिन्यांपूर्वी तारा बसवल्या. खेळ बंद करावा लागेल का? मोठी मुलं चिडवतात पण.

उत्तर : खेळ बंद करू नकोस. तारा असताना पकडीत तोंडावर कोपर बसला तर ओठ आतून फाटू शकतो, म्हणून माउथगार्ड, म्हणजे दातांवर चढवायचं मऊ कवच, लाव. तारांवर बसणारा, थोडा मोकळा माउथगार्ड वेगळा मिळतो. गरम पाण्यात मऊ करून दातांवर घट्ट दाबून बसवायचा साधा घेऊ नकोस. तो तारांत अडकतो, आणि दात सरकले की बसेनासा होतो. चढाईत 'कबड्डी कबड्डी' स्पष्ट म्हणता आलं पाहिजे, म्हणून घरी आधी तो लावून सराव कर. सामन्यात ब्रॅकेट निघालं तर जपून ठेव आणि दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा. तार टोचत असेल तर त्या टोकावर तारांसाठी मिळणारं खास मेण लाव. सरांनाही सांगून ठेव.

चिडवण्याचं म्हणशील तर घरी आणि सरांना नक्की सांग, एकट्याने सोसू नकोस. आणि पुढच्या वेळी तारांबरोबरचा माउथगार्ड कसा बसतो ते मला लिहून कळव. तुझ्याच वयाच्या दोघांनी हेच विचारलं आहे.