वर्गात चार भाषा, शाळा बदलू का?

प्रश्न: माझी मुलगी तिसरीत आहे, शाळा गुजरीजवळ, म्हणजे सराफ बाजाराजवळ. वर्गात बंगाली कारागिरांची, बिहारहून आलेल्यांची आणि दोन-तीन कन्नड बोलणारी पोरं आहेत. बाई म्हणतात छान आहे, पण मला वाटतं अभ्यास मागं पडतोय. शाळा बदलू का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर: ताई, काळजी खोटी नाही हो तुमची. एकटी बाई, चाळीसेक पोरं, त्यात चौघांना मराठी नीट कळत नाही म्हटल्यावर धडा रखडणारच, आणि वाईट म्हणजे त्या पोरांनाच ‘ढ’ ठरवून मागच्या बाकावर टाकतात, ढ कसलं, त्याच पोराला घरच्या भाषेत विचारा की, पाढे धडाधड म्हणतंय!

पण शाळा बदलायची घाई नको. आपल्याच गावात शाहू महाराजांनी 1901 पासून जातवार बोर्डिंगं काढली, कारण तेव्हा एका पंगतीला बसायलाच लोक तयार नव्हते. तरी 1919 ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम त्यांनीच काढला, आणि भाऊराव पाटलांनी 1924 ला साताऱ्यात सगळ्या जातींचं एकच वसतिगृह काढलं. तेव्हाच्या पालकांनाही पोरं बिघडतील असंच वाटायचं बरं का.

बाईंना भेटा, मराठी कच्चं असलेल्यांसाठी रोज अर्धा तास वेगळा काढता येतो का विचारा. आणि लेकीला विचारा, बंगालीत एक ते दहा येतात का? बहुतेक येत असतील. डब्यात काय काय बघितलं तेही विचारा.