घुबड पाळायचंय, चालेल का?

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या गल्लीतला जुना वाडा पाडला तेव्हा भिंतीच्या कोनाड्यात घुबडाची पिल्लं निघाली, त्यातलं एक जिवंत होतं ते आमचा मुलगा (सातवीत आहे) घरी घेऊन आला. पांढरं, बदामाच्या आकाराचं तोंड, अंगावर नुसता कापूस. आठवडा होऊन गेला, बोनलेस चिकनचे तुकडे खातं, पोराच्या हातावर बसतं. आता तो म्हणतो पाळायचंच. मिसेस म्हणते घरात घुबड म्हणजे अपशकुन. मला शकुन-बिकुन काही वाटत नाही, पण पाळता येतं का आणि पिंजरा केवढा लागेल?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर: पिंजऱ्याचं माप सांगत नाही, कारण पाळता येत नाही. वहिनींचं कारण चुकीचं आहे पण निर्णय बरोबर आहे. तुमच्याकडे आहे ते गव्हाणी घुबड, आणि घुबड काय, शिक्रा काय, घार काय, आपल्याकडचा शिकारी पक्षी हौसेनं घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसतच नाही, मग तो सापडलेला असो, विकत घेतलेला असो की कुणी गिफ्ट दिलेला. असा पक्षी हातात आला की ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याला कळवायचं असतं. ती मुदत तुमची उलटलीय, म्हणून आता घाबरून अजून लपवत बसू नका, आजच वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावा आणि जे झालं ते सरळ सांगा. वाडा पडला म्हणून पिल्लू उचलणारा आणि घुबडं विकणारा यातला फरक त्या लोकांना कळतो.

आता ते बोनलेस चिकन, मला कायद्यापेक्षा त्याची जास्त काळजी वाटतेय. घुबड उंदीर अख्खा गिळतं, हाडं, केस, सगळ्यासकट, आणि जे पचत नाही त्याची गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकतं. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम मिळतं ते त्या हाडांतूनच. नुसतं मऊ मांस खाऊन पोट भरतं, पिल्लू गुटगुटीत दिसतं, आणि आत हाडं मात्र ठिसूळ होत जातात, पाय वाकडे होतात, पंख नीट धरत नाहीत, आणि एकदा हाड वाकडं वाढलं की ते पाखरू बहुतेक जन्मभर पिंजऱ्यातच राहतं. त्यामुळे फोनवर बोलताना खाण्याचं आवर्जून सांगा आणि ते न्यायला येईपर्यंत काय द्यायचं तेही विचारून घ्या. दूध, पोळी, भात अजिबात नको, आणि चोचीत ड्रॉपरनं पाणी तर मुळीच ओतू नका, ते श्वासनळीत जातं. पुठ्ठ्याचा खोका घ्या, भोकं पाडा, खाली जुना टॉवेल अंथरा आणि अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा. हातावर घेणं, फोटो, शेजारच्या पोरांना दाखवणं, सगळं बंद.

मुलाला हे पटायला जड जाईल, पण हातावर बसणं हाच खरा प्रॉब्लेम आहे. एकटं पिल्लू माणसांच्यात वाढलं की त्याला माणूसच आपली जात वाटायला लागते. मग मोठं झाल्यावर सोडलं तर शिकार करायची सोडून कुणाच्याही गॅलरीत जाऊन खायला मागतं, आणि घरात ठेवलं तर विणीच्या काळात घरच्यांच्याच डोक्यावर झडप घालायला कमी करत नाही. रील्समध्ये घुबड डोळे किलकिले करून ताठ बसलेलं दिसतं ना, लोकांना वाटतं लाडात आलंय, बऱ्याच वेळा ते भ्यालेलं असतं. आणि गव्हाणी घुबड घुघू करत नाही हां, किंचाळतं आणि फुस्स करतं, तेही रात्री दोन वाजता, आणि बंदिस्त ठेवलं तर पंधरा-वीस वर्षं जगू शकतं. सातवीतला मुलगा तोपर्यंत नोकरीला लागलेला असेल, उंदीर कोण आणणार, तुम्हीच.

पुढच्या वेळी कुणाला असं पिल्लू सापडलं तर त्याच दिवशी, त्याच जागेजवळ उंचावर खोक्यात किंवा टोपलीत ठेवून लांब व्हायचं. अंधार पडला की आईबाप आवाजावरून शोधत येतात. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लू टाकून देते ही निव्वळ अफवा आहे, कुणी पसरवली कोण जाणे.

अजून एक, व्हॉट्सअॅप स्टेटसला फोटो टाकला असेल तर आत्ता काढा. दिवाळीच्या आसपास घुबडांना तांत्रिक विधींसाठी गिऱ्हाईक असतं, लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि अमावस्येला त्याचाच बळी द्यायचा असा हा प्रकार. २०१० मध्ये ट्रॅफिक इंडिया या वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेचा घुबडांच्या व्यापारावर अख्खा रिपोर्ट आला होता, त्या वेळी पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी शहरातले मध्यमवर्गीय लोक मुलांना घुबड भेट देण्याच्या नादी लागलेत असंही बोलून दाखवलं होतं. म्हणजे एकीकडे मांत्रिक आणि दुसरीकडे आपण, पकडून आणणारा मात्र तोच.

मुलाची आवड मारू नका मात्र. त्याला गावाबाहेरच्या एखाद्या पडक्या देवळात नाहीतर गोडाऊनपाशी न्या, खाली त्या गोळ्या पडलेल्या असतात, ग्लोव्हज घालून पाण्यात भिजवून चिमट्यानं उलगडल्या की उंदराच्या, चिचुंद्रीच्या कवट्या निघतात. आणि त्याला सांगा की १८८४ नंतर रानपिंगळा, म्हणजे घुबडाचीच एक छोटी जात, कुणाला दिसलाच नव्हता, संपला असंच धरून चालले होते, तो १९९७ मध्ये आपल्या शहाद्याच्या जंगलात पुन्हा सापडला. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला इला फाउंडेशन घुबड महोत्सव भरवतं, जमलं तर तिकडे घेऊन जा.

प्रश्न: माझा भाऊ दुबईला असतो, तिकडे लोक ससाणे सर्रास पाळतात, त्यांना पासपोर्टसुद्धा असतो म्हणे. मग भारतातच का नाही? तो येताना आणू शकतो का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: पासपोर्टचं खरं आहे. तिकडे ससाण्यानं शिकार करण्याची जुनी परंपरा आहे, पक्ष्यांवर रिंग नाहीतर चिप असते, अबुधाबीत त्यांच्यासाठी वेगळं हॉस्पिटल आहे, आणि मुख्य म्हणजे तो पक्षी शोभेला ठेवत नाहीत, त्याला रोज उडवावं लागतं, वजन मोजावं लागतं, दिवसाचे तास द्यावे लागतात. बॅगेत घालून आणायचा विचारसुद्धा करू नका, एअरपोर्टवरच कस्टमवाले धरतील आणि पक्षी जप्त होईल तो वेगळाच. बहिरी ससाणा बघायचाच असेल तर हिवाळ्यात दुर्बीण घेऊन खाडीकाठी फिरा, तुमच्याकडे येतो की.

प्रश्न: सोसायटीच्या टाकीखाली घुबडांनी घर केलंय, घाण पडते. कमिटी म्हणते हाकलून लावा आणि उंदरांना औषध टाका.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: औषध नको. ते खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबड आधी उचलतं आणि मग तेही मरतं, वर उंदीर वाढतात. अंडी किंवा पिल्लं असताना घरटं हलवणं गुन्हा आहे, हे कमिटीला लेखी कळवा. खाली जुना फ्लेक्स अंथरा, आठवड्याला धुवा. पिल्लं दोनेक महिन्यांत उडतात, आत कुणी नाही याची खात्री झाल्यावर जाळी मारायची तर मारा, पण मारण्याआधी एकदा सोसायटीचा उंदरांवरचा खर्च काढून बघा.