दुकानातला रंग आणि घरातला रंग

प्रश्न : माझे तयार कपड्यांचे दुकान १२ फूट रुंद आणि ३० फूट खोल आहे. नूतनीकरणासाठी सजावटकाराने नक्षीदार फॉल्स सीलिंग आणि भिंतभर आरसे सुचवले आहेत. माझी अडचण मात्र वेगळीच आहे. ‘घरी नेल्यावर रंग वेगळा दिसला’ असे सांगून ग्राहक कपडे परत आणतात, आणि ट्रायल रूममध्ये गेलेले अनेक जण काही न घेताच निघून जातात. खर्चाची सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा दिव्यांत आहे, छताच्या नक्षीने त्यांतली एकही मिटणार नाही. कापड जो रंग परावर्तित करते तो मुळात प्रकाशात असावा लागतो. स्वस्त एलईडीत लाल छटांचा भाग अनेकदा तोकडा असतो, त्यामुळे मरून रंग तपकिरी भासतो. दिवे घेताना वॅटइतकेच सीआरआयकडे, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे १०० पैकी सांगणाऱ्या आकड्याकडे, लक्ष द्यावे आणि तो ९० किंवा अधिक असल्याची खात्री करावी. हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढला जातो आणि गडद लाल त्यात धरलेलाच नसतो, म्हणून गडद लालसाठीचे आर-९ हे वेगळे मूल्यही विचारावे. ते ५० च्या वर असलेले बरे. प्रकाशाची छटा केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर; ती ३००० ते ४००० केल्व्हिनच्या दरम्यान कोणतीही चालेल, पण एकाच दुकानात दोन छटांची सरमिसळ नको. इतके करूनही घरच्या दिव्याखाली थोडा फरक राहीलच, तेव्हा दारापाशी उजेडात कपडा पाहता येईल अशी मोकळी जागा ठेवावी. मात्र थेट ऊन पडते तेथे माल टांगू नये, रंग विटतो.

दिवे छताच्या मध्यरेषेवर लावले की सर्वांत उजळ दिसते ती फरशी. ट्रॅक लाइटचे, म्हणजे छतावरच्या पट्टीत बसवलेल्या व हवे तसे वळवता येणाऱ्या दिव्यांचे, झोत रॅकच्या दर्शनी बाजूवर तिरके पडले पाहिजेत.

ट्रायल रूममध्ये डोक्यावर एकच स्पॉटलाइट असेल, तर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात, चुण्या ठळक होतात आणि ग्राहक दोष कपड्याला देतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे लावावेत. पूर्ण शरीर दिसण्यासाठी उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, त्यामुळे जमिनीपासून २ फुटांवर सुरू होणारा ४ फुटी आरसा बहुतेक प्रौढांना पुरेसा होईल. आत दोन खुंट्या आणि एक स्टूल हवेच, आणि पडद्याऐवजी कडीचे दार असावे, कारण पडदा एका हाताने धरून कपडे बदलणारा माणूस दुसरा कपडा घालून पाहण्याच्या फंदात पडत नाही.

भिंतभर आरशांचा मोह मला पटत नाही. अरुंद दुकानात माल मांडायला भिंतीच असतात. दोन्ही बाजूंचे हँगर रॅक प्रत्येकी २ फूट खोली घेतील आणि मध्ये ८ फूट उरतील. त्यात २ फुटी टेबल ठेवले, तर दोन्हीकडे जेमतेम ३ फुटांची वाट राहते. कोणी कपडे चाळत उभे असले की मागून जाणाऱ्याचा धक्का लागतो, आणि धक्का लागलेला ग्राहक तेथे फार वेळ थांबत नाही. टेबल हवेच असेल तर ते अगदी मागे, काउंटरजवळ ठेवावे.

रॅकच्या जागा कागदावर पक्क्या झाल्यावरच इलेक्ट्रिशियनला बोलवावे. एरवी झोत एकीकडे आणि कपडे दुसरीकडे, अशी गत होते.