गाडी लागली का, असं बाबा रात्री विचारतात

पत्र (थोडं कापलंय):

ताई, मी ४६ वर्षांची, सिंहगड रोडला राहते. बाबा ७७, एसटीत स्वारगेटला कंट्रोलर होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आता लिव्हरमध्ये गेलाय. हॉस्पिटलने सांगितलं आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या आणि सेवा करा. त्याला पाच आठवडे झाले. मी बिनपगारी रजेवर आहे, आईचे गुडघे गेलेत. भाऊ न्यू जर्सीला, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगतो सेकंड ओपिनियन घे, नाकातून नळी घालून घे, बाबांना उपाशी ठेवू नका. आत्या म्हणते मॉर्फिनने माणूस लवकर जातो, म्हणून अगदीच असह्य झालं की मी गोळी देते. रात्री ते कॉटच्या दांडीवर अंगठी वाजवून मला उठवतात आणि विचारतात, गाडी लागली का? आई म्हणते त्यांना काही सांगायचं नाही. परवा पहाटे तीनला चादर बदलताना मनात आलं, सुटावेत आता. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मी इतकी वाईट आहे का? – एक लेक

अगं,

तुला अगं-तुगं करतेय, वयाने मोठी आहे म्हणून चालवून घे. माझ्याकडे एक स्टीलचं फुलपात्र आहे, त्याला एका बाजूला पोचा आलाय. सासूबाई चार महिने अंथरुणाला होत्या, एका रात्री त्यांनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं आणि मी ते फुलपात्र इतक्या जोरात आपटलं की त्या दचकल्या आणि म्हणाल्या, राहू दे, नकोय. त्या गेल्या त्याला बरीच वर्षं झाली, तरी ते भांडं मला मोडीत घालवत नाही. आणि "सुटाव्यात आता" हे तर मला रोजच वाटायचं, कधी त्यांच्यासाठी, कधी खरं सांगायचं तर माझ्यासाठी. तेव्हा वाईट की चांगली हा निवाडा तू माझ्याकडे मागू नकोस, मी तुझ्याच बाकावर बसलेली आहे.

आधी गोळीचं बोलू कारण ते आज रात्रीचं आहे. मॉर्फिन डॉक्टरांनी जितकं आणि ज्या वेळी लिहिलंय तसं घड्याळ लावून द्यायचं असतं, दुखायला लागायची वाट बघायची नसते. दुखणं एकदा चढलं की ते खाली आणायला जास्त औषध लागतं, म्हणजे आत्याच्या भीतीपायी तू बाबांना उलट जास्त त्रास देतेयस. नीट बेताने दिलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, पोट साफ व्हायचं औषध सोबत लिहिलंय का बघ, नसेल तर मागून घे. आतापर्यंत तू कमी दिलीयस हे डॉक्टरांना सरळ सांग, लाजू नकोस, आणि आता कितीपासून सुरू करायची ते त्यांनाच विचार, मनाने एकदम वाढवू नकोस. ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलात सहसा मिळत नाही, अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याने तिच्यावर इतकी बंधनं होती की डॉक्टरसुद्धा लिहायला कचरायचे, २०१४ मध्ये कायदा बदलला तेव्हा जरा मोकळं झालं. तेव्हा संपायच्या चार दिवस आधीच कुठून आणायची ते बघून ठेव.

आता ते "काही करण्यासारखं नाही". हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. कॅन्सरवर करण्यासारखं नसेल, बाबांसाठी भरपूर आहे, दुखणं-त्रास आटोक्यात ठेवायची ही जी काळजी, तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आणि तू पुण्यात आहेस गं, वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे, कॅन्सरच्या पेशंटसाठी, पैसे घेत नाहीत, आणि घरचं माणूस सोबत राहू शकतं. सिंहगड रोडवरून रिक्षाचं अंतर आहे आणि पाच आठवड्यांत तुला ते कुणी सांगितलं नाही! लोकांना वाटतं तिथे न्यायचं म्हणजे टाकून यायचं. तसं नसतं, दुखणं आटोक्यात आणायला काही दिवस जायचं, औषधं बसली की घरी परत यायचं, असंही होतं. उद्या फाईल घेऊन जा, बाबांना न्यायलाच पाहिजे असं नाही, फाईल पुरे. (पुण्याबाहेरचे वाचत असतील तर, मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, टाटामध्ये या कामाचा वेगळा विभाग आहे, आणि कुठूनही विचारायचं असेल तर पॅलियम इंडिया या संस्थेची साथ-साथ हेल्पलाइन, १८००-२०२-७७७७.)

नळीचं. भावाला सांग, बाबा जेवत नाहीत म्हणून चाललेत असं नाही, चाललेत म्हणून जेवण सुटलंय. शरीर आता अन्न घेत नाही, कोंबलं तर ठसका लागून फुप्फुसात जातं. ओल्या गॉजने ओठ-जीभ पुसायची, चमच्याच्या टोकाने घोटभर पाणी मागतील तेव्हा, झालं. आईला हे पटणार नाही, आपल्याकडे जेवू घालणं म्हणजेच माया ना, म्हणून ते गॉजचं काम तिच्याच हातात दे. तिला गुडघ्यांनी काय जमत नाही ते आपण बघत बसतो, पण कॉटशेजारी खुर्चीत बसून तोंड पुसणं तिला तुझ्यापेक्षा चांगलं जमेल.

गाडीचं वाचून मी जरा वेळ थांबले. असं बरेच जण बोलतात शेवटी शेवटी, बॅग भर, तिकीट काढलं का, चप्पल कुठाय. तू काय म्हणतेस तेव्हा? बहुतेक "बाबा, तुम्ही घरीच आहात, झोपा". असं नको म्हणू. ज्याने जन्मभर गाड्या सोडल्या त्याला वेळ कळत नाही असं वाटतं का तुला? कुठली गाडी बाबा, असं विचार. सोबत कोण आहे विचार. आईला वाटतं न सांगितल्याने त्यांना कळणार नाही, पण माझ्या मते त्यांना आईच्या आधीच कळलंय आणि ते तुम्हा दोघींना सांभाळून घेतायत. मुद्दाम सांगत बसू नकोस, पण विचारलं तर खोटं बोलू नकोस.

आणि ते बोलतात तोवर हेही विचारून घे, श्वास लागला तर हॉस्पिटल हवं की घर. हे ठरलेलं नसलं की रात्री दोनला घाबरून कुणीतरी १०८ लावतो आणि माणूस आयसीयूत नळ्यांमध्ये जातो. नको असेल तर तसं लिहून ठेवता येतं, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विल मान्य केलं, २०२३ मध्ये ते सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर. इतकं नाही जमलं तरी बाबांचं म्हणणं घरातल्या सगळ्यांनी एकदा एकत्र ऐकलेलं असू दे. घरीच ठेवायचं ठरलं तर फॅमिली डॉक्टरना आताच गाठ, ऐनवेळी येऊन दाखला द्याल ना म्हणून. स्मशानात आधी तोच कागद मागतात आणि त्या पहाटे डॉक्टर शोधत फिरणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

सेवा हा शब्द जरा बाजूला ठेव बाई. त्याच्या आड डायपर, औषधांच्या वेळा, दर दोन तासांनी कूस बदलणं, धुणं, सगळं एकाच बाईच्या अंगावर पडतं आणि वर पुण्यही तिलाच म्हणून बाकीचे मोकळे. रात्रीसाठी ब्युरोतून मावशी किंवा ब्रदर लाव, आठवड्यातून चार रात्री तरी. परका माणूस नको असं आई म्हणेल, म्हणू दे. पैसे भावाकडून घे, उसने नाही, त्याचा वाटा म्हणून. आत्याला दुपारी दोन तास बसव, मॉर्फिनवर बोलायचं नाही या अटीवर. आणि तुझं बाथरूममधलं रडणं रोजचंच व्हायला लागलं, आता किंवा नंतर, तर १४४१६ ला फोन कर, टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, रात्रीबेरात्री उचलतात, मराठीत बोलता येतं. नंतर म्हणजे तेराव्यानंतर, सगळे आपापल्या घरी जातात आणि रात्री तीनला तुला उगाच जाग येत राहते तेव्हा.

राहिला भाऊ. त्याच्याशी रविवारी वाद घालू नकोस, लांब असणाऱ्याला काहीतरी करायचं असतं आणि हातात फक्त मोबाईल असतो, म्हणून तो ओपिनियन पाठवतो. पण निर्णय रात्री जागणाऱ्याचा. त्याला एवढंच सांग की दहाव्याला यायचं असेल तर येऊ नकोस, आत्ता ये, बाबा अंगठी वाजवतायत तोवर. आला की पहिल्याच दिवसापासून रात्रीची ड्युटी त्याला दे, जेट लॅगने तसाही तो जागाच असणार.

तुझी,
ताई