वाळूमाशी चावली की काळा आजार (कालाआजार, लीशमॅनिया नावाच्या परजीवीमुळे होणारा, दीर्घकाळ ताप आणणारा रोग) होतोच का? सगळ्या जाती सारख्याच धोकादायक असतात का?

दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. मी कीटकशास्त्रात काम करतो आणि या माश्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणं हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जगात वाळूमाशीच्या सुमारे १००० जाती नोंदलेल्या आहेत. त्यातल्या शंभराहून कमी जातींवर माणसात रोग पसरवल्याचा पुरावा किंवा दाट संशय आहे. कित्येक जाती तर पाली-सरड्यांचं रक्त पितात.

खरा फरक पडतो माशीच्या आतड्यात. बाधित रक्ताबरोबर लीशमॅनिया परजीवी पोटात जातो. रक्त पचलं की उरलेला चोथा बाहेर पडतो. त्या वेळी आतड्याच्या भिंतीला चिकटून राहिला तरच परजीवी वाचतो, नाहीतर विष्ठेबरोबर जातो. फ्लेबोटोमस पापाटासी या जातीच्या आतड्याला लीशमॅनिया मेजर (त्वचेवर व्रण करणारा परजीवी) घट्ट चिकटतो, काळ्या आजाराचा लीशमॅनिया डोनोव्हानी मात्र टिकत नाही. हा डोनोव्हानी भारतात फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस ही जात वाहून नेते. म्हणूनच नुसतं ‘वाळूमाश्या सापडल्या’ म्हणून भागत नाही, जात कोणती ते कळलंच पाहिजे. त्यासाठी मादीचं विच्छेदन करून शुक्रकोष (शुक्राणू साठवणारी पिशवी) आणि घसा पाहावा लागतो.

चावते फक्त मादी, तेही अंड्यांसाठी. एरवी नर-मादी दोघांचं पोट वनस्पतींच्या गोड रसावर भरतं. हा गोडवा फार महत्त्वाचा ठरला. प्रयोगशाळेत रक्तानंतर मनुके दिल्यावर माश्यांमध्ये परजीवी भरपूर वाढले, आणि १९४२ साली आसाममध्ये माशीच्या चाव्यातून काळा आजार होतो हे सिद्ध झालं. मला हा शोध आजही थक्क करतो. परजीवी वाढून संसर्गक्षम व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे आधी बाधित रक्त पिऊन तेवढे दिवस जगलेली माशीच धोक्याची.

अळ्या पाण्यात नसतात. गोठ्याची ओलसर माती, भिंतींच्या भेगा, उंदरांची बिळं अशा ठिकाणी त्या वाढतात, म्हणून डबकी बुजवून ही माशी कमी होत नाही. दोन-तीन मिलिमीटरची, आवाज न करणारी ही माशी साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही आत येते. बारीक जाळीची, कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी घ्या.

आणि काळ्या आजाराच्या भागात राहून दोन आठवड्यांहून जास्त ताप असेल, तर मलेरिया निगेटिव्ह आला म्हणून थांबू नका. डॉक्टरांना काळ्या आजाराची तपासणी करायला सांगा.