बीपीए ब्लँकमध्येही येतोय? आधी बाटली आणि पाणी तपासा

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या संगम आणि बंडगार्डनच्या नदीच्या सॅम्पलमध्ये एचपीएलसी-यूव्हीवर (घटक वेगळे करून अतिनील प्रकाशाने मोजणारं यंत्र) एस्ट्रॅडिओल या स्त्री-संप्रेरकाचा मागमूस नाही, बिस्फेनॉल-ए (बीपीए, प्लास्टिकमधलं रसायन) मात्र ब्लँकमध्येही, म्हणजे नदीचं पाणी नसलेल्या कोऱ्या चाचणीतही दिसतो. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

नदीच्या पाण्यात एस्ट्रॅडिओल असलं तरी लिटरला काही नॅनोग्रॅम. खडकवासल्याचा १.९७ टीएमसी उपयुक्त साठा पूर्ण भरलाय असं धरा. त्यात लिटरला १ नॅनोग्रॅम म्हणजे सगळं मिळून जेमतेम ५६ ग्रॅम. एसपीईने (पाण्यातली रसायनं कार्ट्रिजमध्ये अडकवून थोड्या सॉल्व्हंटमध्ये काढणं) १ लिटरचं १ मिलिलिटर केलंत तरी हजारपटच वाढ होते, यूव्हीला ती पुरत नाही. शिवाय कुजलेल्या पाल्यातलं ह्युमिक ॲसिडही सोबत येऊन बेसलाइन फुगवतं. यूव्हीवर आणखी वेळ घालवू नका, एलसी-एमएस/एमएस (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं, जास्त संवेदनशील यंत्र) मिळवाच. इतकं खाली जायलाच हवं, कारण कॅनडातल्या एका प्रायोगिक तलावात एथिनिलएस्ट्रॅडिओल (गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम संप्रेरक) लिटरला फक्त ५-६ नॅनोग्रॅम ठेवलं होतं आणि तिथले फॅटहेड मिनो मासे जवळपास संपले.

आता ब्लँक. माझ्या मते तुमचं खरं काम इथेच अडलंय. आधी नुसतं सॉल्व्हंट इंजेक्ट करा. मग कोऱ्या कार्ट्रिजमधून मेथॅनॉल काढून ते पाहा. मग लॅबचं शुद्ध पाणी फिल्टरपासून शेवटपर्यंत न्या, आणि शेवटी नदीवर नेऊन तिथे उघडलेली फील्ड ब्लँकची बाटली. बीपीएचं पीक (आलेखातला उंचवटा) ज्या पायरीवर पहिल्यांदा उगवेल, दोष तिथे. बहुतेकदा शुद्ध पाण्याची प्लास्टिकची टाकी किंवा नळीच सापडते. थर्मल कागदाच्या पावतीवरही बीपीए असतो. ती हाताळलेल्या हाताने कार्ट्रिजला शिवू नका. बाटली अंबर काचेची, मेथॅनॉलने विसळलेली, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर. ब्लँकचा आकडा सॅम्पलमधून नुसता वजा करून मोकळे होऊ नका. ब्लँक दर बॅचला खालीवर होतो.

बीपीए-डी१६ (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन असलेला बीपीए) हा इंटरनल स्टँडर्ड, म्हणजे ठरावीक मात्रेत घालायचा तुलनेचा पदार्थ, पाणी कार्ट्रिजवर सोडण्याआधीच घाला. शेवटी घातलात तर वाटेतली गळती कळतच नाही. एलसी-एमएस/एमएसच्या निगेटिव्ह मोडमध्ये (ऋण आयन मोजताना) तो २४३ या वस्तुमानावर शोधू नका. ओएचवरचे दोन्ही ड्युटेरियम पाण्यात बदलून जातात, म्हणून २४१ → २२३ लावा. साध्या बीपीएला २२७ → २१२.

सॅम्पल बर्फात आणा आणि त्याच दिवशी ०.७ मायक्रॉनच्या ग्लास फायबर फिल्टरमधून गाळा, नाहीतर जिवाणू एस्ट्रॅडिओल खातात. नळाचं पाणी घेणार असाल तर बाटलीत आधीच थायोसल्फेट टाका. क्लोरीन बीपीए आणि एस्ट्रॅडिओल या फिनॉलना वाटेतच बदलून टाकतो.

आत्तापर्यंतचे बीपीएचे आकडे प्रबंधात घालू नका. चारही ब्लँकचे क्रोमॅटोग्राम इथे टाका, पुढचं त्यावरून पाहू.