शंका-समाधान : आवाजाची फाइल सॉफ्टवेअर घेत नाही तेव्हा

प्रश्न : आजेसासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मी एक छोटी चित्रफीत तयार करत आहे. पुणे, नागपूर आणि बडोदे येथील नातेवाइकांनी त्यांच्या आठवणी सांगणारे ध्वनिसंदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आहेत. फोनवर ते उत्तम ऐकू येतात. परंतु संगणकावरील एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणू लागले की फाइल चालत नसल्याची सूचना येते. भाच्याच्या सांगण्यावरून फाइलच्या नावातील ‘ओपस’ काढून ‘एमपी३’ लिहून पाहिले, तर आता फाइल खराब असल्याचे दाखवते. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातले, तरी तेच. संदेश खरोखरच बिघडले असतील काय?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : संदेश शाबूत आहेत आणि आपले सॉफ्टवेअरही ठीक आहे. ते काढून पुन्हा घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. या तक्रारीत मात्र त्याने वेळ जाण्यापलीकडे काही होत नाही.

ध्वनिफाइलीच्या दोन बाजू असतात. एक म्हणजे तिचे वेष्टन, ज्याला कंटेनर म्हणतात. दुसरी म्हणजे आवाज ज्या पद्धतीने आवळून त्या वेष्टनात भरलेला असतो ती पद्धत, म्हणजेच कोडेक. व्हॉट्सअ‍ॅपचे ध्वनिसंदेश ऑग नावाच्या वेष्टनात ओपस या कोडेकने भरलेले असतात. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ओपसला २०१२ साली मान्यता दिली. कमी डेटामध्ये बोलणे स्पष्ट पोहोचवण्यात हा कोडेक फार तरबेज आहे, आणि म्हणूनच संदेशवहनाच्या ॲपांनी तो उचलला. एडिटिंगची अनेक सॉफ्टवेअरे मात्र कॅमेरा आणि स्टुडिओ डोळ्यांसमोर ठेवून घडवली गेली असल्याने त्यांच्या स्वीकृत प्रकारांच्या यादीत ओपस नसतो. आपण नाव बदललेत तेव्हा सॉफ्टवेअरने त्या नावावर विश्वास ठेवून आत एमपी३ची रचना शोधली, ती सापडली नाही, आणि त्याने फाइललाच दोष दिला. तेव्हा पहिले काम म्हणजे सर्व फाइलींची मूळ नावे परत देणे.

त्यानंतर मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन त्यात एकेक फाइल उघडावी. आत नेमका कोणता कोडेक आहे, आवाज किती हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेऊन, नोंदला आहे, मोनो आहे की स्टीरिओ, हे ते सरळ सांगते. हा खटाटोप यासाठी की सर्व नातेवाइकांनी एकाच प्रकारे ध्वनिमुद्रण केले असेलच असे नाही. कोणी आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये बोलून फाइल पाठवली असेल, तर ती बहुधा एएसी कोडेकची एम४ए फाइल असेल आणि बहुतेक सॉफ्टवेअरे ती विनातक्रार घेतील. एखाद्या जुन्या फोनवरून एएमआर प्रकारची फाइल आली असेल, तर तीही बदलून घ्यावी लागेल. तिच्यात सेकंदाला अवघे ८,००० नमुने असण्याचा संभव असल्याने आवाज टेलिफोनवर ऐकल्यासारखा दबका येईल, आणि कोणत्याही रूपांतराने तो उजळणार नाही.

रूपांतरासाठी शटर एन्कोडर हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचे आहे, कारण त्यात सगळ्या फाइली एकदम ओढून टाकता येतात. रूपांतर डब्ल्यूएव्ही प्रकारात, ४८,००० हर्ट्झ आणि १६ बिट ठेवून करावे. पुष्कळ जण सवयीने एमपी३ करतात. तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओपसने आवाजातील काही भाग आधीच गाळलेला असतो, एमपी३ आणखी काही गाळते, आणि तयार चित्रफीत नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवली जाणार असल्याने तिसरी गाळणी तिथे लागतेच. डब्ल्यूएव्हीमध्ये काही गाळले जात नाही. मोनो फाइल मिनिटाला सुमारे पावणेसहा एमबी जागा घेते, त्यामुळे जागेची काळजी नको. रूपांतर करायचेच नसेल, तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट वापरावे. ही दोन्ही मोफत एडिटिंग सॉफ्टवेअरे बहुतेक सर्व कोडेक वाचणाऱ्या एफएफएमपेग या सॉफ्टवेअर-संचावर आधारलेली असल्याने ओपस थेट घेतात.

ज्यांचे बोलणे अजून यायचे आहे, त्यांना फोनच्या रेकॉर्डर ॲपमध्ये बोलून ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्यास सांगावे. तशी पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोहोचते.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातील दीड तासाचा नाट्यप्रयोग मी फोनवर चित्रित केला आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. आवाजाची फाइल सॉफ्टवेअरमध्ये आली, सुरुवातीला ओठांशी जुळलीही. शेवटी मात्र आवाज जवळजवळ अर्धा सेकंद पुढे पळतो. रेकॉर्डर ४४.१ किलोहर्ट्झवर होता. दोष त्याचाच का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : हा संशय स्वाभाविक असला तरी आकडे तो फेटाळतात. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा आवाज सॉफ्टवेअरने चुकून ४८,००० चा समजून वाजवला असता, तर तो जवळपास नऊ टक्के वेगाने धावला असता. आपला दीड तासाचा प्रयोग सात मिनिटांहून अधिक आधी संपला असता आणि सर्व पात्रांचे आवाज चिरके झाले असते. अर्ध्या सेकंदाची चूक त्या जातीची नव्हे.

उरतात दोन कारणे. रेकॉर्डर आणि फोन यांची अंतर्गत घड्याळे किंचित वेगळी चालतात; दोघांत दशलक्षामागे २० चा फरक असला, तरी दीड तासात सुमारे एक दशांश सेकंदाची तफावत पडते. दुसरे कारण असे की अनेक फोन प्रकाश आणि प्रोसेसरवरील ताण यांनुसार सेकंदाला टिपायच्या चौकटींची, म्हणजे फ्रेम्सची, संख्या बदलत राहतात, आणि काही सॉफ्टवेअरे ती संख्या स्थिर धरून चालतात. निवाडा करण्यासाठी रेकॉर्डरचा आवाज बंद करून फोनच्या चित्रफितीतील मूळ आवाज शेवटच्या प्रवेशात ऐकावा. तोही ओठांना सोडून जात असेल, तर दोष बदलत्या चौकटींचा. तो ओठांशी पक्का असेल, तर घड्याळांचा. आपल्याकडील तफावत मोठी असल्याने माझा कल पहिल्या कारणाकडे आहे.

तसे असल्यास हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्रफीत उघडून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडावा, सेकंदाला ३० चौकटी ठेवून नवी फाइल करावी आणि मूळ फाइल काढून ती वापरावी. घड्याळांचा दोष असल्यास आवाज ताणण्याच्या भानगडीत न पडता प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी, अंधार होतो तिथे, ध्वनिपट्टी कापून पुढचा तुकडा चौकट-दोन चौकट सरकवावा. प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही.

प्रश्न : नातवाच्या मुंजीच्या चित्रफितीत घालण्यासाठी मासिक वर्गणीच्या संगीत ॲपमधून गाणे डाउनलोड केले, पण संगणकावर ते एडिटिंगमध्ये घेताच येत नाही.
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ते येणार नाही, कारण अशा ॲपमधील डाउनलोड कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेले असते आणि केवळ त्याच ॲपमध्ये वाजते; कोडेक बदलून हे कुलूप उघडत नाही. शिवाय गाण्याचे हक्क आपल्याकडे नसल्याने चित्रफीत यूट्यूबवर चढवल्यास हक्कधारकाचा दावा येऊ शकतो. घरातील कोणी मंगलाष्टके म्हणत असल्यास ती फोनवर शांत खोलीत मुद्रित करून वापरावीत.